नखाची परीक्षा

मनुष्याच्या देहात नखाइतका उपेक्षित भाग दुसरा नसेल. डोळे, केस, ओठ यांच्या वर्णनात आपल्या कवींनी लेखण्या झिजविल्या; नखाच्या वाट्याला मात्र आपल्या भाषेने तुच्छतेखेरीज फारसे काही ठेवलेले नाही. एखाद्याची योग्यता फार कमी आहे असे सांगावयाचे झाले म्हणजे 'त्याला याच्या नखाची सर नाही' असे आपण म्हणतो. क्षुल्लक कामासाठी मोठा खटाटोप करणाऱ्याला 'नखाने होणाऱ्या कामास कुऱ्हाड कशाला?' असे विचारतो. याखेरीज नखे रात्री कापू नयेत, शनिवारी कापू नयेत आणि कापलेली घरात पडू देऊ नयेत, एवढे सांगितले की नखांविषयीचे आपले पिढीजात ज्ञान संपते. माझेही ज्ञान पन्नाशी उलटेपर्यंत याच्यापुढे गेलेले नव्हते.

वास्तविक मी ज्या गावी राहतो तेथे नखाच्या जातीची वस्तू दर आठवड्यास मोठ्या गांभीर्याने तपासली जात असते. काष्टी हे श्रीगोंदे तालुक्यातील गाव दौंड-मनमाड लोहमार्गावरील एक स्थानक आहे. पण त्याचे नाव दूरवर पोचले आहे ते दर शनिवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारामुळे. महाविद्यालयास सुट्टी असली म्हणजे मी या बाजारात हिंडतो. मला बैल घ्यावयाचा नसतो. परंतु घेणाऱ्याची नजर कशी फिरते हे पाहण्यात मला फार गोडी वाटते. तो प्रथम दात पाहतो, शिंगांवरून हात फिरवितो, चार पावले चालवून पाहतो आणि अखेरीस खाली बसून पुढचा पाय उचलतो व खुरावरून अंगठा ओढतो. "शिंगं रंगवता येत्यात सर, खुराला काय करणार?" असे एका वृद्ध शेतकऱ्याने मला एकदा सांगितले होते. शिंग, खूर आणि आपले नख ही तिन्ही केराटिन नावाच्या एकाच जातीच्या द्रव्याची बनलेली असतात, हे मला पुस्तकांवरून ठाऊक होते. असे असूनही घरी परतल्यावर मी कधी कोणाच्या नखाकडे पाहिले नाही.

पाहण्याचा प्रसंग एका लग्नात आला. आप्तांपैकी एका मुलीचे लग्न होते आणि माझी पत्नी नवरीचा शालू नीट करीत होती. तिच्या अंगठ्याचे दुभंगलेले नख जरीत अडकले आणि भर मंडपात शालूचा एक धागा हातभर ओढला गेला. कोणी काही बोलले नाही. पण उरलेला सारा दिवस माझ्या पत्नीने आपले दोन्ही हात पदराखाली ठेवले. परतताना गाडीत मी ते हात प्रथमच नीट पाहिले. बहुतेक नखांची टोके अभ्रकाच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटली होती, काहींवर उभ्या रेघा होत्या आणि अंगठ्याची चीर आत मांसापर्यंत गेली होती.

"हे केव्हापासून?" मी विचारले.

"आपली मोठी मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून," ती म्हणाली.

ती मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे. तिनेच आग्रह धरला आणि आम्ही दौंडमार्गे पुण्यास एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई तरुण होत्या आणि, आजकाल दुर्मिळ होत चाललेली गोष्ट म्हणजे, घाईत नव्हत्या. त्यांनी रक्तातील लोह पाहिले, कंठग्रंथीची तपासणी करविली, बुरशी नाही ना याची खात्री करून घेतली. अशी भंगुर नखे पुष्कळांना असतात आणि त्यांत स्त्रिया अधिक असतात, असे त्यांनी सांगितले. नख हे एक प्रकारे शरीराची रोजनिशी आहे, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. मोठ्या आजारानंतर नखावर आडवी खाच उमटते, हे बो नावाच्या फ्रेंच वैद्याने १८४६ साली नोंदले आणि त्या रेषा आजही त्याच्या नावाने ओळखल्या जातात. आपल्याकडील अगदी अलीकडचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले आणि पुढे एप्रिलच्या सुमारास त्यांतील कित्येकांची नखे विद्रूप होऊन पडू लागली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथे जाऊन शोध घेतला आणि शिधावाटपाच्या गव्हातील सेलेनियम या द्रव्याकडे बोट दाखविले. अन्नात जे आले ते आधी केसांनी आणि मागाहून नखांनी सांगितले.

माझ्या पत्नीच्या तपासणीत मात्र कोणताच दोष निघाला नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगण्यास प्रारंभ केला. मी खिशातून वही काढली. तीत त्या दिवशी मी जे लिहिले ते आजही माझ्यापाशी आहे. 'बायोटिन' असा एक शब्द आहे. त्याखाली दोन रेघा मारून 'पी.आर.पी. — नवीन!' असे लिहिले आहे. याखेरीज त्या पानावर काही नाही. या गोष्टीचे महत्त्व पुढे येईल.

पी.आर.पी. म्हणजे प्लेटलेटांनी समृद्ध केलेला रक्तद्रव. डेंग्यूच्या साथींनी प्लेटलेट हा शब्द आता आपल्या घराघरांत पोचविला आहे. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरात दीड ते साडेचार लक्ष असे हे सूक्ष्म कण असतात. आठ-दहा दिवस जगतात. कोठे जखम झाली की तेथे गोळा होऊन रक्त थांबवितात आणि त्याच वेळी ऊतींची वाढ व डागडुजी करविणारी काही प्रथिने तेथे सोडतात. ज्या ठिकाणी दुरुस्ती हवी तेथे हेच कण मुद्दाम दाटीने नेऊन सोडले तर? या कल्पनेवर हा उपाय उभा आहे. रुग्णाचेच थोडे रक्त काढावयाचे, यंत्रात गरगर फिरवावयाचे, तांबड्या पेशी तळाशी बसल्या म्हणजे वरचा पिवळसर द्रव वेगळा करावयाचा आणि त्यातील कण आणखी घट्ट करून सुईने टोचावयाचे. काष्टीच्या माणसाला हे समजण्यास कठीण नाही. दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी संकलन केंद्रावर नळ्या असेच गरगर फिरविणारे यंत्र असे. जड ते एकीकडे आणि हलके ते दुसरीकडे, हा न्याय दुधाला आणि रक्ताला एकच.

१९९८ साली रॉबर्ट मार्क्स या अमेरिकन शल्यविशारदाने जबड्याच्या हाडाची कलमे बसविताना हा द्रव वापरला आणि तेव्हापासून त्याचा बोलबाला वाढत गेला. गुडघे, स्नायुबंध, टकले, सुरकुत्या, असा त्याचा संचार होत होत तो आता नखांपर्यंत आला आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाने भंगुर नखांवर याची चाचणी हाती घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नखांसाठी हा उपाय अजून सिद्ध झालेला नाही. आपल्याला हवा असल्यास करीन. पण गुण येईलच असे वचन देणार नाही." एका वेळचा खर्च त्यांनी सांगितला, काष्टीच्या बाजारात त्या पैशांत एक बरी शेळी आली असती. आणि अशा तीन खेपा घ्यावयाच्या होत्या.

येथे माझ्यातील प्राध्यापक जागा झाला. सिद्ध झालेला नाही, तर मग आपणच पाहू! दोन हातांना दहा नखे. डाव्या हाताच्या नखांना सुई द्यावयाची, उजवा हात तसाच ठेवावयाचा आणि सहा महिन्यांनी दोन्हींची तुलना करावयाची. शरीर एक, अन्न एक, हवा एक. भेद फक्त सुईचा. याहून शुद्ध प्रयोग कोणता असेल? डॉक्टरीणबाई हसल्या, परंतु, खर्चही निम्मा होईल, असे म्हणून त्यांनी संमती दर्शविली.

माझ्या या उत्साहाला केवळ हौसेचे कारण नव्हते. त्या आठवड्यात मी या विषयावर जे मिळेल ते वाचून काढले होते. त्यात बायोटिनची हकीकत मला विशेष भावली, कारण तिचा उगम खुरांत आहे. या जीवनसत्त्वाने घोड्यांचे व डुकरांचे कमकुवत खूर सुधारतात असे पशुवैद्यांना दिसले आणि त्यावरून ते माणसाच्या नखांना देऊन पाहण्याची बुद्धी झाली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत ते घेणाऱ्या ३५ जणांपैकी २२ जणांना बरे वाटले व १३ जणांत फरक पडला नाही. प्रथमदर्शनी आकडा भारदस्त वाटतो. परंतु ते न घेणाऱ्या ३५ जणांपैकी किती जणांना आपोआप बरे वाटले असते, हा प्रश्न त्यात अनुत्तरितच राहतो. पुढे याच गोळ्यांमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात आणि हृदयविकाराचे निदानही त्यामुळे हुकू शकते, असा इशारा २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिला. निरुपद्रवी म्हणून घरोघर खाल्ली जाणारी वस्तूही निरुपद्रवी असतेच असे नाही.

पी.आर.पी.ची कथा तर याहून उद्बोधक आहे. टाचेच्या दुखऱ्या स्नायुबंधावर नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना हा द्रव टोचला, अर्ध्यांना केवळ मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. २४ आठवड्यांनी दोन्ही गटांना बरे वाटत होते आणि जवळजवळ सारखेच. गुडघ्यांच्या संधिवातावर ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेली चाचणी २०२१ साली बाहेर आली. तिचाही निष्कर्ष तोच. मिठाच्या पाण्यानेही माणूस बरा होतो, याचे कारण त्या पाण्यात नसते. काही दुखणी काळाने उतरतात. आपण वैद्याकडे जातो ते दुखणे शिगेला पोचलेले असताना, म्हणजे ते उतरणीला लागण्याच्या बेतात असताना. आणि आपल्यासाठी कोणीतरी काही करीत आहे, या जाणिवेनेही वेदना हलकी होते. म्हणून उपायाचे खरे मोल काढावयाचे तर त्याच्या शेजारी दुसरे काहीतरी ठेवून पाहावे लागते.

असे ठेवून पाहण्यास मनाचा मोठेपणा लागतो. ज्या डॉ. बावस्करांचा उल्लेख वर आला, त्यांनी कोकणात विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कित्येकांचे प्राण वाचविले. पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाले तेव्हा त्यांनी महाड येथे ७० रुग्णांवर चाचणी करून, केवळ आपले प्राझोसिन देण्यापेक्षा त्याच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असा निर्वाळा २०११ साली दिला. जन्मभर ज्या औषधाचा पुरस्कार केला तेही तराजूच्या एका पारड्यात ठेवावयाचे, आणि पारडे जिकडे झुकेल तिकडे निमूटपणे पाहावयाचे, हे सोपे नाही.

हे सारे मी रात्री जेवताना पत्नीला सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे माझ्या हातांवर तुमची परीक्षा!" ती म्हणाली.

"माझी कशी? उपायाची."

"बरे, उपायाची. मी तयार आहे. पण अहो, डॉक्टरांनी पहिली गोष्ट कोणती सांगितली, आठवते का?"

"बायोटिन."

"नाही. त्या म्हणाल्या, हात सारखे ओले होऊन सारखे वाळतात, त्याने नखाचे थर सुटतात. आधी सहा महिने हात पाण्यापासून दूर ठेवा, नखांना तेल लावा, मग बाकीचे. तुम्ही तेव्हा वही शोधत होतात."

मी वही काढून पाहिली. पाण्याविषयी तीत एक अक्षर नव्हते. नवे होते ते मी टिपून घेतले होते. जुने आणि फुकटचे होते ते माझ्या कानावरून गेले होते. भांड्यांना बाई ठेवण्याचा विषय आमच्या घरी अठ्ठावीस वर्षांत दोनदा निघाला होता आणि दोन्ही वेळा, आपण माणसे ती किती, भांडी ती किती, असे म्हणून मीच तो मोडीत काढला होता. हा हिशेब करताना भांडी कोण घासते, हे मोजण्याचे मला सुचले नव्हते.

"तर माझी अट अशी," ती म्हणाली, "डाव्या हाताला सुई घेईन. पण सहा महिने भांडी, धुणे आणि फरशी माझ्याकडे नाही."

मी अट मान्य केली. प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी आपण त्याची शुद्धता घालविली, हे मला तेव्हा कळले नाही.

मार्गशीर्षात पहिली सुई झाली. नखाच्या बुंध्याशी जो पांढरा अर्धचंद्र दिसतो तो नखाच्या मुळाचा उघडा भाग. नख तेथे घडते आणि पुढे सरकते. सुई तेथील त्वचेत द्यावयाची असते. बधिर करणारा गार फवारा मारूनही माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. मी तिचा उजवा हात धरून बसलो होतो. पाच बोटे झाली तेव्हा तो उजवा हात माझ्या हातात घामाने भिजला होता. शास्त्राच्या नावाने दुसऱ्याला वेदना देणे किती सोपे असते, हे मी त्या पंधरा मिनिटांत शिकलो. औषधांच्या चाचण्यांत भाग घेणाऱ्याची समजूनउमजून दिलेली संमती आवश्यक मानणारे नियम आपल्या देशात आहेत आणि भारतातील अशा चाचण्यांची नोंद ठेवणारी एक राष्ट्रीय वही २००७ सालापासून दिल्लीत उघडली गेली आहे. हे नियम मला पूर्वी कागदी वाटत असत. दुसऱ्या खेपेस मी पत्नीला विचारले, "थांबायचे का?" ती म्हणाली, "आता अर्ध्यावर कसे थांबणार? मलाही पाहायचे आहे." त्या 'मलाही'ने मला धीर आला. पौष आणि माघ अशा पुढच्या दोन खेपा झाल्या.

मोजणीची तऱ्हा मी विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टराकडून उसनी घेतली. या गृहस्थाने आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर दरमहा मुळाशी एक रेघ कोरून ती टोकाशी पोचण्यास किती दिवस लागतात याची नोंद ३५ वर्षे ठेवली आणि १९८० साली ती प्रसिद्ध केली. वयाच्या ३२ व्या वर्षी त्याचे नख रोज ०·१२३ मिलिमीटर वाढत होते. ६७ व्या वर्षी ०·०९५ मिलिमीटर. नखाच्या संथपणावरून आयुष्याचा उतार मोजणारा तो मनुष्य मला फार आवडला. हाताचे नख महिन्यास सुमारे तीन मिलिमीटर सरकते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पुरते नवे होण्यास सहा महिने लागतात. तितका धीर धरल्याखेरीज कोणत्याही उपायाचा न्याय होऊ शकत नाही. दर रविवारी सकाळी आम्ही दोघे ओटीवर बसत असू. मी भिंगातून चिरा व पापुद्रे मोजून वहीत लिही आणि ती छायाचित्रे घेई.

आणि दररोज रात्री मी भांडी घाशी.

ज्येष्ठ उजाडला. मोजण्याच्या त्या शेवटच्या रविवारी माझे हृदय, खरे सांगावयाचे तर, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी विद्यार्थ्याचे धडधडावे तसे धडधडत होते. डावा हात सुधारला होता. पापुद्रे जवळजवळ नाहीसे झाले होते. अंगठ्याची चीर पार पुढे सरकून कापली गेली होती. मला आनंदाचे भरते आले. मग उजवा हात पाहिला. तोही सुधारला होता.

मी पुनःपुन्हा मोजले. डावी तर्जनी उजवीहून किंचित सरस आहे, असे मला वाटू लागले. रेघा कमी आहेत. चकाकीही अधिक आहे! पत्नी म्हणाली, "तुम्हाला तसे दिसावे असे वाटते म्हणून दिसते." मुलगी त्या वेळी माहेरपणाला आली होती. तिने युक्ती काढली. छायाचित्रांतून एकेक बोट वेगळे कापले, निम्मी छायाचित्रे आरशातल्याप्रमाणे उलटविली, म्हणजे डावे-उजवे ओळखू येऊ नये, आणि ती माझ्यापुढे पत्त्यांसारखी मांडून म्हणाली, "बाबा, आता सांगा, सुईचे बोट कोणते?" दहांपैकी पाच माझी बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तरी तितकीच आली असती.

मग आम्ही कारणांचा विचार करीत बसलो. पी.आर.पी.चा गुण नाही असे म्हणावे, तर एका बाईच्या पाच बोटांवरून असा निकाल देणे हा अविचार होईल. लहानसा गुण असला तर तो इतक्या थोड्या नखांत दिसणारही नाही. गुण आहे असे म्हणावे, तर ज्या हाताला सुई लागलीच नाही तो का सुधारला? डाव्या हातातील द्रवाने उजव्यावर परिणाम केला असेल, हे डॉक्टरीणबाईंना फारसे संभवनीय वाटले नाही. थंडीत कोरडी पडणारी नखे उन्हाळ्यात आपोआप सुधारली, हे शक्य होते. रोज रात्री दोन्ही हातांना लावलेल्या खोबरेल तेलाचा तो प्रताप असेल. आणि पाणी! माझ्या सुंदर प्रयोगात सुईखेरीज आणखी एक गोष्ट बदलली होती आणि ती दोन्ही हातांना सारखी लागू पडत होती. तिच्याशी तुलना करण्यास तिसरा हात मजजवळ नव्हता.

असे मी म्हणालो तेव्हा पत्नीने माझा हात हाती घेतला आणि भिंग त्याच्यावर धरले. अंगठ्याचे व तर्जनीचे नख टोकाशी पापुद्र्यांनी सुटले होते. मधल्या बोटाला एक बारीक चीर होती. सत्तावन्न वर्षांत माझी नखे कधी दुभंगल्याचे मला आठवत नाही.

ही शास्त्रीय सिद्धता नव्हे, हे मी जाणतो. माझे वय वाढले आहे. बीनच्या अंगठ्याप्रमाणे माझेही नख मंदावत असेल. नखांना पी.आर.पी. उपयोगी आहे की नाही, हा प्रश्न माझ्या वहीने सुटलेला नाही. पुष्कळ माणसांवर, डोळ्यांवर पट्टी बांधून आणि मिठाचे पाणी शेजारी ठेवून केलेल्या चाचण्यांनीच तो सुटेल. तसे झाले आणि उपाय खरा ठरला, तर मला आनंदच होईल; ज्या बायांना दुसरा इलाज नाही त्यांना तो अवश्य मिळावा. पण एका प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आणि तो प्रश्न मी वहीत लिहिलाही नव्हता. अठ्ठावीस वर्षे हे नख रोज माझ्यासमोर ताट वाढीत होते. बाजारातील परक्या बैलाचा खूर कसा तपासतात हे मी कौतुकाने पाहत आलो होतो. तो शेतकरी खाली वाकून पाय हातात घेतो तेव्हा त्या जनावराच्या पायाखाली कोणती जमीन होती, हे तो ओळखीत असतो. माझ्या पत्नीच्या पायाखालची जमीन म्हणजे माझेच घर होते.

आता आमच्याकडे भांड्यांना एक बाई येतात. त्यांच्यासाठी रबरी हातमोजे आणि त्यांच्या आत घालावयाचे सुती मोजे आणून ठेवले आहेत, कारण एका घरची चीर दुसऱ्या घरी धाडून सुटका करून घेणे मला बरे वाटेना. ज्या दिवशी त्या येत नाहीत त्या दिवशी आम्ही दोघे पाळीने घासतो आणि मोजे घालतो. मोज्यांचे काम बाईंना प्रथम हास्यास्पद वाटले. परवा मात्र त्यांनी स्वतः होऊन नवा जोड मागितला.

काल रात्री पत्नी खोबरेल तेलाची वाटी घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. मी दोन्ही हात पुढे केले. तिने ते क्षणभर पाहिले आणि अगदी गंभीर मुद्रेने विचारले, "डाव्याच हाताला लावायचे ना?"